संस्थेचं दुकान, नगरपालिकेची जागा: भाड्याआधी उरलेल्या मालाचं बोला

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका लहान सेवाभावी संस्थेला नगरपालिकेने कचरा जमा करण्याच्या केंद्राच्या आवारात एक शेड देऊ केली आहे. लोक टाकायला आणतात त्यातल्या वापरण्याजोग्या वस्तू संस्थेने वेगळ्या काढायच्या आणि विकायच्या. पैसा संस्थेच्या कामाला जाईल, नगरपालिकेचा कचरा तेवढा हलका होईल. तुम्ही विचारलंय की भाडं किती कबूल करावं, नफ्यात वाटा द्यावा का, किमती कशा लावाव्यात आणि तपासणी कुठवर करावी.

चारही प्रश्न रास्त आहेत, पण भाडं आणि वाटा हे करारनाम्याच्या दुसऱ्या पानावरचे विषय. पहिल्या पानावर एकच गोष्ट हवी: जो माल विकला जाणार नाही तो कुठे जाणार आणि त्याचा खर्च कोण उचलणार. गिऱ्हाईक नाही म्हणून अशी दुकानं क्वचित बंद पडतात. बहुतेक वेळा ती मालाखाली गाडली जातात.

हिशेब करून बघा. समजा रोज १५० किलो माल आला आणि १०० किलो गेला. हे प्रमाण खरं तर चांगलं म्हणायचं. तरी रोजचे ५० किलो अंगावर पडले, म्हणजे २६ दिवसांच्या महिन्यात १,३०० किलो. खुर्च्या, कपाटं, खोकी असा मिसळलेला माल कितीही नीट रचला तरी घनमीटरमागे शंभर-सव्वाशे किलोच्या वर बसत नाही. महिन्याला दहा-बारा घनमीटर जागा खाल्ली गेली. तीन महिन्यांत मालाची थप्पी विक्रीच्या जागेत शिरते, गिऱ्हाइकाला आत वावरता येत नाही, विक्री घटते, आणि मग थप्पी आणखी वेगाने वाढते. शेवटी कुणीतरी ट्रक मागवतं आणि वर्षभराची शिल्लक माल फेकण्यात जाते.

म्हणून करारात दोन कलमं ठामपणे मागा. पहिलं, न विकलेला माल त्याच आवारातल्या नगरपालिकेच्या कंटेनरमध्ये विनाशुल्क टाकता येईल. मर्यादा घालावी असं नगरपालिका म्हणेल आणि त्यात वावगं काही नाही, नाहीतर दुकान आळशी होतं आणि आलेलं सगळं मागच्या दाराने कंटेनरमध्ये जातं. मी मर्यादा अशी मांडेन: पहिले सहा महिने आलेल्या वजनाच्या निम्म्यापर्यंत, पुढे एक तृतीयांशापर्यंत. त्यावर गेलं तर दोघांनी बसून कारण शोधायचं. दुसरं कलम, काय घ्यायचं आणि काय नाकारायचं ते संस्था ठरवेल, आणि नगरपालिकेचे फलक, पत्रकं, दवंडीच्या गाड्या यांत तीच यादी जाईल. हे लिहून घेतलं नाही तर उद्घाटनाच्या आदल्या दिवशी 'कोणतीही जुनी वस्तू द्या' असा फलक लागतो आणि दुसऱ्या दिवशी दारात गाद्यांचा ढीग उभा राहतो.

आणखी एक पक्ष लोक हमखास विसरतात. जमा केंद्र रोज चालवणारा बहुधा नगरपालिकेचा कर्मचारी नसून ठेकेदार असतो. त्याचं बिल टनावर निघत असेल तर तुम्ही बाजूला काढलेला प्रत्येक टन त्याच्या बिलातून वजा होतो. मग त्याने तुम्हाला सहकार्य का करावं? करार तिहेरी करा, किंवा निदान नगरपालिका आणि ठेकेदार यांच्या करारात 'पुनर्वापरासाठी दिलेलं वजनही देय धरलं जाईल' अशी दुरुस्ती करून घ्या. ठेका संपून नवा माणूस आला तरी तुमची जागा आणि हक्क कायम राहतील हेही त्यातच लिहा.

सही करायच्या आधी चार आठवडे मोजणी करा. यात कंजुषी नको. आठवड्यातून दोन दिवस, त्यांतला एक सुट्टीचा, दोन माणसं कागद घेऊन फाटकाशी उभी करा. आलेल्या प्रत्येक गाडीतून काय उतरलं, त्यातलं काय आहे तसं वापरता आलं असतं, काय किरकोळ दुरुस्तीने, एवढंच लिहायचं. काही उचलायचं नाही, वादही घालायचा नाही. आठ दिवसांच्या नोंदींतून किती माल येतो, कोणत्या वारी आणि कोणत्या वेळी येतो आणि त्यात फर्निचर किती, कपडे किती, विजेच्या वस्तू किती हे कळतं. शेड पुरेल का, माणसं किती लागतील, भाडं परवडेल का, सगळी उत्तरं याच कागदावर आहेत. नगरपालिकेकडचे आकडे कंटेनरच्या वजनाचे असतात. कंटेनरला चांगली खुर्ची आणि मोडकी खुर्ची सारखीच.

आता कायद्याची बाजू. ती ठिकाणाप्रमाणे बदलते, त्यामुळे स्थानिक सल्लागाराशिवाय पुढे जाऊ नका. पण एक भेद जवळपास सगळीकडे महत्त्वाचा ठरतो: वस्तू 'दिली' की 'टाकली'. मालकाने वापरासाठी म्हणून तुमच्या हातात दिली तर ते दान. कंटेनरमध्ये टाकल्यावर तुम्ही उचलली तर तो कचरा, आणि कचरा हाताळायला, साठवायला, विकायला वेगळे परवाने लागू शकतात. इंग्लंडमधलं सोफ्यांचं उदाहरण बोलकं आहे. तिथे काही आगरोधक रसायनं असलेले टाकून दिलेले सोफे आणि गादीच्या खुर्च्या २०२३ पासून जाळूनच नष्ट कराव्या लागतात, पुन्हा वापरता येत नाहीत. पण तोच सोफा मालकाने थेट वापरासाठी दान केला तर तो कचरा धरला जात नाही. सोफा एकच, फक्त तो कोणत्या दाराने आला त्यावर त्याची जात ठरली.

म्हणून तुमचं स्वीकार केंद्र कंटेनरच्या आधी हवं, नंतर नको. गाडी फाटकातून आत आली की पहिला थांबा तुमचा. कंटेनरच्या दहा-पंधरा मीटर अलीकडे, वर छप्पर, गाडी बाजूला घेता येईल एवढी जागा. तिथल्या माणसाने 'काही दान करायचंय का?' असं विचारू नये. कचरा टाकायला निघालेल्या माणसाच्या डोक्यात दान नसतंच, तो 'नाही' म्हणतो आणि पुढे जातो. 'यातलं काही अजून चालतंय का?' असं विचारलं की तो स्वतःच डिकी उघडून दाखवतो. एका प्रश्नाचा फरक, पण दिवसभरात ढिगाच्या आकारात दिसतो.

जागेबद्दल दोन नावाजलेली उदाहरणं सांगतो. स्वीडनमधल्या एस्किल्स्टुना शहरात २०१५ साली रेटुना नावाचं व्यापारसंकुल सुरू झालं. ते नगरपालिकेच्या जमा केंद्राला लागूनच आहे. लोक वस्तू संकुलाच्या स्वीकार कक्षात देतात, तिथे पहिली निवड होते आणि मग प्रत्येक दुकानदार आपल्या कामाचं उचलतो. व्हिएन्नाच्या कचरा विभागाने त्याच वर्षी '४८-अर टांडलर' हे स्वतःचं जुन्या वस्तूंचं दुकान काढलं, पण माल शहरभरच्या जमा केंद्रांवरून गोळा होतो आणि विकला जातो केंद्रांपासून दूर, वेगळ्या दुकानात. पहिल्या पद्धतीत वाहतूक नाही, पण गिऱ्हाइकाला केंद्रापर्यंत यावं लागतं. दुसरीत गिऱ्हाईक सहज येतं, पण टेंपो, डिझेल आणि चढउतारीतली मोडतोड पदरी पडते. तुम्हाला शेड आवारातच मिळतेय, तेव्हा पहिली पद्धत तुमच्यासाठी ठरल्यात जमा आहे. मात्र गिऱ्हाइकांचा रस्ता आणि कचऱ्याच्या ट्रकचा रस्ता वेगळे नसतील तर ही जागा घेऊ नका. मागे येणाऱ्या ट्रकच्या वाटेत एखादं लहान मूल आलं तर सगळाच उपक्रम संपला.

शेडमधल्या जागेची वाटणी करताना नवखे लोक सगळी जागा विक्रीला देतात आणि निवडीला एक टेबल ठेवतात. माझा हिशेब साधारण असा: निम्मी जागा विक्रीला, निम्म्याला थोडी कमी निवड आणि तपासणीला, आणि उरलेली बाहेर जाणाऱ्या मालासाठी. कोठाराला जागा ठेवूच नका. ठेवली की भरते. निवडीचं टेबल कंबरेच्या उंचीचं, ८५ ते ९० सेंटीमीटर, म्हणजे दिवसभर वाकावं लागत नाही. टेबलापाशी निर्णय पाचच: विक्री, तपासणी, दुरुस्ती, भंगार, कचरा. एका वस्तूवर एक मिनिट. 'बघू नंतर' हा सहावा ढीग कुणी सुरू केला तर त्याच दिवशी मोडा. दुरुस्तीला एकच रॅक द्या. रॅक भरला की नवी वस्तू ठेवण्याआधी एक जुनी काढायची. उत्साही कारागिरांना हे आवडत नाही, पण मर्यादा नसलेला दुरुस्तीचा कोपरा वर्षभरात अर्धवट उघडलेल्या पंख्यांचं आणि रेडिओंचं गोदाम होतो.

तपासणी कुठवर, हे विजेच्या वस्तूंबाबत सर्वांत नेमकं सांगता येतं. इस्त्री घ्या. आधी वीज न लावता पाहणी, कारण बरेचसे दोष इथेच सापडतात. वायर मुठीत धरून पूर्ण लांबीभर बोटांतून सरकवा. चीर, टेप, कडकपणा हाताला लागतो. वायर इस्त्रीत शिरते तिथे ती सगळ्या बाजूंनी वाकवून बघा, वर्षानुवर्षं तिथेच हिसका बसलेला असतो. प्लगच्या पिना काळवंडल्या असतील किंवा भोवतीचं प्लास्टिक पिवळं पडून मऊ झालं असेल तर आतली जोडणी सैल होऊन तापत होती. उघडता येणारा प्लग उघडाच. अर्थची वायर जागेवर आहे का? घरगुती दुरुस्तीत ती कापून मोकळी सोडलेली वारंवार दिसते, आणि इस्त्री तर तरीही छान तापते, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही.

मग अर्थची सलगता. प्लगची अर्थ पिन आणि इस्त्रीचा धातूचा तळ यांमधला रोध ०.१ ओहमच्या आसपास हवा, लांब वायर असेल तर तिचा रोध त्यात मिळवायचा. साध्या मल्टीमीटरने हे मोजू नका, त्याच्या तारांचाच रोध याहून जास्त निघतो. उपकरणं तपासण्याचा खास टेस्टर घ्यावा लागतो आणि सुरुवातीच्या खर्चात तो धरावाच. त्यानंतर ५०० व्होल्टवर इन्सुलेशनची, म्हणजे वीज बॉडीपर्यंत झिरपते का याची चाचणी: फेज आणि न्यूट्रल एकत्र जोडून अर्थच्या विरुद्ध. धातूची बॉडी आणि अर्थ असलेल्या उपकरणाला किमान १ मेगओहम, दुहेरी इन्सुलेशनच्या, म्हणजे अर्थची गरज नसलेल्या उपकरणाला २ मेगओहम हे सर्वसाधारण वापरले जाणारे आकडे आहेत. इथली नेहमीची चूक म्हणजे इस्त्रीचं बटण 'बंद'वर असतानाच चाचणी घेणं. तेव्हा कॉइल मंडलात नसते, आकडा झकास येतो आणि तपासलं काहीच जात नाही. बटण पूर्ण वर फिरवूनच मोजा. तापणारी उपकरणं दमट जागी पडून राहिली असतील तर आकडा कमी येतो. एक-दोन दिवस कोरड्या उबदार जागी ठेवून पुन्हा मोजा. तरीही नापास झाली तर भंगार.

शेवटी दहा मिनिटं चालवून बघायचं. इस्त्रीचा दिवा विझतो-लागतो का? म्हणजे थर्मोस्टॅट, तापमान सांभाळणारा आतला स्विच, वेळेवर वीज तोडतोय, ठीक. दिवा विझलाच नाही तर संपर्क चिकटलेले आहेत, अशी इस्त्री कपडे आणि घर दोन्ही जाळू शकते. पास झाली की तारीख, क्रमांक आणि तपासणाऱ्याची सही असलेली चिठ्ठी वायरीला, आणि तोच क्रमांक नोंदवहीत. नापास झाली की तिथल्या तिथे वायर कापायची. ही एक सवय लावाच. कापली नाही तर दुपारच्या पाळीचा स्वयंसेवक 'ही कशी काय राहिली इथे' म्हणून ती उचलतो आणि विक्रीच्या रॅकवर ठेवतो. तपासणाऱ्याला कोणतं प्रमाणपत्र लागतं ते स्थानिक नियमांवर आहे.

काही वस्तू तपासायच्याही नाहीत, घ्यायच्याच नाहीत. हेल्मेट, कारण आतल्या थराचा तडा बाहेरून दिसत नाही. मुलांच्या कारमधल्या सुरक्षा खुर्च्या, त्याच कारणासाठी. गॅसवर चालणारं काहीही. कठडा वरखाली सरकणारे पाळणे: अमेरिकेत त्यांच्या विक्रीवर २०११ पासून बंदी आहे, जुन्यांच्यासुद्धा. इतर पाळण्यांत दोन गजांमधलं अंतर ६ सेंटीमीटरहून जास्त असेल तर नकार द्या, बाळाचं धड त्यातून निसटून डोकं अडकतं. रंग उडालेली फार जुनी खेळणी नकोत, जुन्या रंगात शिसं असू शकतं. फुगलेली लिथियम बॅटरी दिसली तर ती वस्तू शेडमध्ये आणूच नका. उघड्यावर, कोरड्या वाळूच्या लोखंडी डब्यात ठेवा आणि नगरपालिकेच्या घातक कचऱ्याच्या माणसाला बोलवा. फोन आणि लॅपटॉप घेताना देणाऱ्याला समोरच त्याच्या खात्यातून बाहेर पडायला सांगा. तो निघून गेल्यावर खात्याने कुलूपबंद झालेला फोन म्हणजे निव्वळ भंगार. संगणकाची डिस्क रीतसर पुसण्याची सोय नसेल तर ती काढून नष्ट करा आणि संगणक डिस्कशिवाय विका.

गाद्यांबद्दल मतभेद आहेत. माझं मत: घेऊ नका. ढेकणांची एक गादी आली की पूर्ण शेड आठवडाभर बंद ठेवावी लागते. गादीच्या खुर्च्या घेणार असाल तर शिवणीत जुनं पत्त्याचं पान किंवा कडक कार्ड फिरवून काळे ठिपके आणि कात बघा, तेही शेडच्या बाहेर. कपड्यांचा किंवा मऊ खेळण्यांचा संशय आला तर उणे १८ अंशांत सलग चार दिवस ठेवल्यावर ढेकूण आणि अंडी दोन्ही मरतात, मात्र पिशवीच्या मध्यापर्यंत तेवढी थंडी पोचली पाहिजे. ठासून भरलेलं गाठोडं आतून उबदारच राहतं.

लाकडी फर्निचरला दोन मिनिटं पुरतात. खुर्ची सपाट फरशीवर ठेवून मागच्या दोन पायांवर भार द्या, सांधा बोलतो. खालच्या बाजूला टाचणीएवढी भोकं आणि ताजा पिवळट भुसा दिसला तर कीड जिवंत आहे, आत घेऊ नका. पलंग आणि कपाटं सुटी होऊन येतात. नटबोल्ट कापडी पिशवीत घालून त्याच चौकटीला बांधायचे, वेगळ्या डब्यात 'सांभाळून' ठेवायचे नाहीत. आठ बोल्ट हरवलेला पलंग विकला जात नाही आणि तो सगळ्यात जास्त जागा अडवतो. कपड्यांत एकच शत्रू, ओल. एक दमट पिशवी रात्रभरात शेजारच्या चार पिशव्यांना वास लावते. म्हणून प्रत्येक पिशवी आल्या दिवशी उघडायची. दुकानात विकण्याजोगे कपडे आलेल्यापैकी थोडेच असतात. बाकीच्यांसाठी चिंध्यांचा घाऊक घेणारा दुकान उघडायच्या आधी ठरवून ठेवा. पुस्तकांचं म्हणाल तर शालेय आणि मुलांची पुस्तकं जातात, जुने ज्ञानकोश कधीच जात नाहीत.

इथवरचं थोडक्यात: माल कंटेनरच्या आधी अडवा, टेबलावर मिनिटात निर्णय घ्या, नापास झालेलं लगेच निकामी करा आणि न विकलेल्याची वाट आधी बांधून ठेवा. किमती आणि पैसा याच्या पुढे येतो.

किंमत लावताना 'याची खरी किंमत किती' या शोधात पडू नका. नव्या वस्तूच्या बाजारभावाच्या पाव भागापासून सुरुवात करा आणि वर चार रंगांच्या चिठ्ठ्या वापरा. या आठवड्यात मांडलेल्या सगळ्या मालाला लाल, पुढच्या आठवड्यात पिवळी, मग हिरवी, मग निळी. दोन आठवडे पूर्ण किंमत, तिसऱ्या आठवड्यात निम्मी, चौथ्यात 'न्यायची ती किंमत'. निळी लागते तेव्हा लाल चिठ्ठीचा चौथा आठवडा चालू असतो. तो संपला की लाल चिठ्ठीचं सगळं बाहेर, आणि मोकळा झालेला लाल रंग पुन्हा वापरात. हे बाहेर काढणं दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी, दुकान बंद झाल्यावर, आणि ज्याने ती वस्तू मांडली नाही अशा माणसाने करायचं. मांडणाऱ्याचा जीव त्या वस्तूत अडकलेला असतो. 'एवढं छान टेबल, राहू दे आणखी आठवडाभर' असं दहा टेबलांबाबत झालं की दुकान तुंबलं. महागडी वाटणारी एखादी वस्तू आली तर ती वेगळी काढून जाणकाराला दाखवा, पण महिन्यातून चार-दोनच. प्रत्येक पितळी भांड्यात खजिना दिसायला लागला की टेबलावरचं काम थांबतं.

माणसांचा मुद्दा पैशापेक्षा नाजूक आहे. केंद्रावरचे कामगार आणि कचरा वेचणारे आजवर त्यातल्या चांगल्या वस्तू बाजूला काढून विकत आले असणार. तुमचं दुकान म्हणजे त्यांच्या वरकमाईवर टाच. त्यांना विश्वासात न घेता सुरू केलंत तर चांगल्या वस्तू फाटकावरूनच नाहीशा होतील किंवा तुमच्यापर्यंत येईतो मोडलेल्या असतील. त्यांना मोबदला द्या, पण वजनावर नको. वजनावर दिलात की जे जड ते तुमच्या दारात, मोडक्या फ्रिजसकट. त्यांनी आणलेली आणि टेबलावर 'विक्री' ठरलेली वस्तू मोजून, नगावर द्या. यातल्याच दोघा-तिघांना निवडीच्या टेबलावर पगारी घेतलंत तर उत्तम. मालाची नजर त्यांच्याइतकी कोणत्याही स्वयंसेवकाला नसते.

आपल्याच माणसांच्या खरेदीचा नियम पहिल्या दिवशी भिंतीवर लावा: कर्मचारी, स्वयंसेवक, विश्वस्त, नगरपालिकेचे अधिकारी, कुणीही असो, वस्तू दुकानात ४८ तास मांडलेली असल्याशिवाय घेता येणार नाही, चिठ्ठीवरच्या किमतीलाच घ्यायची आणि पावती दुसऱ्याने फाडायची. या दुकानांची बदनामी झाली तर ती बहुतेक याच कारणाने होते, आणि ती नगरपालिकेपर्यंत फार लवकर पोचते. व्यापाऱ्यांचा मात्र राग करू नका. सकाळी दार उघडायच्या आधी उभा असलेला व्यापारी चांगलं तेवढं उचलतो हे खरं, पण चौथ्या आठवड्याचा माल गाडीभर नेणाराही तोच. सकाळच्या पहिल्या तासात एकाला तीनच वस्तू, एवढा नियम पुरे.

आता वजन. नगरपालिकेला तुमच्याकडून मुख्यतः एकच गोष्ट हवी असते: किती टन वाचले. इथे अनेक संस्था अनवधानाने खोटं बोलतात. आलेला सगळा माल 'वाचवला' म्हणून मोजतात, त्यातला तिसरा हिस्सा नंतर कंटेनरमध्ये गेला तो वजा करत नाहीत. वर्षअखेरीला कंटेनरचं वजन घटलेलं दिसत नाही आणि अविश्वास सुरू होतो. मोजायचं ते बाहेर जाताना. प्रत्येक विक्रीला वस्तू काट्यावर चढवणं शक्य नसतं, म्हणून सरासरीचा तक्ता करा: लाकडी खुर्च्या वीस, स्टुलं वीस, टेबल-पंखे वीस, असं प्रत्येक प्रकाराचं वजन करून सरासरी काढा आणि पावतीवर फक्त प्रकार आणि नग लिहा. तक्ता वर्षातून एकदा नव्याने करायचा. भंगार, चिंध्या आणि कचरा मात्र खऱ्या काट्यावर. दीडशे किलोचा प्लॅटफॉर्म काटा पुरतो. समजा महिन्यात ४,००० किलो आले, विक्रीतून १,९०० गेले, भंगार आणि चिंध्यांत १,३००, कंटेनरमध्ये ८०० परत. पुनर्वापर १,९०० किलो, म्हणजे ४७.५ टक्के. कचऱ्यातून वळवलेलं एकूण ३,२०० किलो. दोन्ही आकडे वेगवेगळे सांगा, एकात एक मिसळू नका.

हे ३,२०० किलो हाताशी असले की भाड्याची बोलणी वेगळी होतात. एक टन कचरा उचलून, वाहून, टाकून देण्याचा खर्च नगरपालिकेच्या लेखा विभागाकडे असतोच. तो आकडा मागून घ्या. तुम्ही वळवलेल्या टनांनी त्याला गुणा. एवढी बचत तुम्ही त्यांना करून देता. त्यातला काही भाग टनामागे अनुदान म्हणून मागा, किंवा नाममात्र भाडं मागा. दोन्ही मागू नका, सभेत ठराव अडकतो. वाटा द्यायचाच असेल तर तो विक्रीवर नको, पगार, वीज, विमा आणि टेस्टरसारख्या साधनांची झीज वजा जाता उरलेल्या रकमेवर द्या, तोही दुसऱ्या वर्षापासून. वीज, पाणी, अग्निशमन, छताची गळती आणि रात्रीची राखण यांतलं काय कुणाकडे हे एकेक ओळीत लिहा. गळतीच्या ओळीवर जरा अडून बसा, कपड्यांबद्दल वर लिहिलंय ते आठवून. विमा संस्थेच्या नावाने तीन गोष्टींचा हवा: गिऱ्हाइकाला आवारात झालेली इजा, विकलेल्या वस्तूमुळे झालेलं नुकसान, आणि स्वयंसेवक. दान आलेल्या वस्तूंच्या विक्रीवर कर लागतो का आणि संस्थेच्या नोंदणीला धक्का लागतो का, हे मात्र हिशेबतपासनिसाला लेखी विचारा. काही ठिकाणी विक्रीचा व्यवसाय वेगळ्या कंपनीत ठेवावा लागतो, काही ठिकाणी निराळी खातेवही पुरते.

मुदत तीन वर्षांपेक्षा कमी घेऊ नका. पहिलं वर्ष माल ओळखण्यात जातं. कोणत्याही बाजूने सहा महिन्यांची सूचना देऊन बाहेर पडता यावं, आणि बाहेर पडताना शेडमधला उरलेला माल नगरपालिकेने विनाशुल्क उचलावा हेही लिहून घ्या.

बैठकीला जाताना कराराचा मसुदा नेऊ नका. चार आठवड्यांच्या मोजणीचा एक पानी तक्ता आणि स्वीकारायच्या वस्तूंची यादी, एवढंच न्या. तक्ता आरोग्य विभागाच्या आणि लेखा विभागाच्या माणसापुढे एकाच वेळी ठेवा, कारण कचरा पहिल्याचा आणि खर्च दुसऱ्याचा असतो आणि ते दोघं एरवी एका टेबलाशी बसत नाहीत. उरलेल्या मालाच्या कलमाला दोघांचीही तोंडी मान्यता मिळाली की मग मसुद्याचं बोला. मिळाली नाही, तर आवारातली शेड घेऊ नका. आठवड्यातून एक दिवस फाटकाशी टेबल टाकून जमेल तेवढं, त्याच दिवशी संपेल तेवढं करा आणि सहा महिन्यांनी तक्ता घेऊन पुन्हा जा.